गेलं कुठे? : रासायनिक समीकरणाचा ताळा



ज्या बाईंच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवी ते दहावी अशी तीन वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यानंतर चौतीस वर्षं मी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आणि आसवनीत काम केलं. या नोकरीत जे काही उपयोगी पडलं त्यातलं बरंचसं त्या तीन वर्षांतलं होतं, हे आज त्यांच्या गावात उभं राहून सांगताना मला फार बरं वाटतं आहे.

विषय निवडायची मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. मी रासायनिक समीकरण निवडलं. बहुतेकांच्या मनात त्याची ओळख 'पुढील समीकरणे संतुलित करा, गुण दोन' एवढीच उरते. दोन गुण मिळतात, वही रद्दीत जाते. पण माणसाला जग समजून घेण्याची जी मोजकी साधनं सापडली, त्यांत या साधनाची जागा फार वर आहे असं मी मानतो. आज मी फळा मागितलेला नाही. सगळी समीकरणं शब्दांत सांगणार आहे. जे समीकरण शब्दांत सांगता येत नाही ते आपल्याला समजलेलं नाही, ही बाईंचीच शिकवण.

आठवीच्या पहिल्या तासाला बाईंनी टेबलावर निरांजन ठेवलं आणि त्यात कापराची एक वडी पेटवली. वर्गात देवघराचा वास पसरला. पाहता पाहता वडी जळून गेली आणि निरांजनात काही उरलं नाही. बाईंनी विचारलं, "गेलं कुठे?"

कुणी म्हणालं, संपलं. कुणी म्हणालं, जळून गेलं. बाईंनी मान हलवली. "जळून गेलं हे कळलं. गेलं कुठे ते सांगा."

आपल्याकडे कापूर हा निःशेष होण्याचा दाखलाच आहे. लाकूड जळलं तर राख राहते, वात जळली तर काजळ धरतं, कापूर मात्र मागे काही ठेवत नाही. म्हणूनच आरतीत त्याला मान. बाईंनी नेमकी तीच वस्तू निवडली होती. त्यांनी दुसरी वडी पेटवली आणि ज्योतीवर थंड पाण्याने भरलेला स्टीलचा पेला धरला. पेल्याच्या बुडाला काजळी धरली आणि कडेला बारीक दव जमलं. मग ज्योतीवर एक काचेची बरणी पालथी धरली, तिच्यात चुन्याची निवळी ओतली आणि हलवली. निवळी दुधासारखी पांढरी झाली. पाणी डोळ्यांना दिसलं होतं, आणि निवळी गढूळ करणारा कार्बन डायऑक्साइडही हाती लागला होता. बाई म्हणाल्या, "आता हिशेब लागायला लागला. दोन वर्षांनी तुम्हीच तो पुरा कराल."

दहावीत तो पुरा केला. आज तुमच्यासमोर तोच पुन्हा मांडतो, कारण संतुलन म्हणजे काय ते यात सगळं आहे.

कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. पुरेशा हवेत तो जळला की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूत कार्बनचा एकच अणू मावतो, म्हणून १० कार्बनांपासून असे १० रेणू. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, म्हणून १६ हायड्रोजनांपासून पाण्याचे ८ रेणू. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजायचा. कार्बन डायऑक्साइडच्या १० रेणूंत २०, पाण्याच्या ८ रेणूंत ८, एकूण २८. त्यातला एक अणू कापराने स्वतःबरोबर आणलेला आहे. उरलेले २७ हवेतून आले पाहिजेत. पण हवेतला ऑक्सिजन जोडीने फिरतो, एका रेणूत दोन अणू. म्हणजे साडेतेरा रेणू. अर्धा रेणू वेगळा काढता येत नाही, म्हणून सगळंच दुप्पट करायचं:

२ कापूर + २७ ऑक्सिजन → २० कार्बन डायऑक्साइड + १६ पाणी

ऑक्सिजन शेवटी का मोजला? कारण तो डावीकडे एकटा उभा आहे. त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कशालाच धक्का लागत नाही. कार्बनचा आकडा बदलला की ऑक्सिजन हलतो, हायड्रोजनचा बदलला की पुन्हा ऑक्सिजन हलतो. ज्याच्यामुळे बाकीचे हलतात त्याला आधी स्थिर करायचं, आणि एकट्याला शेवटी. समीकरण संतुलित करण्याची जी युक्ती मुलं पाठ करतात ती एवढीच आहे, आणि कारण कळलं की पाठ करावी लागत नाही.

समीकरण जुळलं की बाईंच्या वर्गात काम संपायचं नाही. प्रत्येक समीकरणाखाली वजनं लिहायची. कार्बनचं अणुवस्तुमान १२, हायड्रोजनचं १, ऑक्सिजनचं १६ धरून डावीकडे कापूर ३०४ आणि ऑक्सिजन ८६४, बेरीज ११६८. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ८८० आणि पाणी २८८, बेरीज ११६८. मग दोन्ही बेरजांखाली, वाण्याच्या वहीत असतात तशा दोन आडव्या रेघा. याला बाई 'ताळा' म्हणायच्या. ताळ्याशिवायच्या समीकरणाला त्या गुण देत नसत.

तो ताळा काय सांगतो ते पाहा. एक ग्रॅमची वडी जळताना हवेतून सुमारे २.८ ग्रॅम ऑक्सिजन घेते आणि सुमारे २.९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ०.९५ ग्रॅम पाणी देऊन जाते. आपण म्हणतो काही उरलं नाही. प्रत्यक्षात एक ग्रॅमचे पावणेचार ग्रॅमांहून अधिक झाले. निरांजन रिकामं दिसलं, कारण आपण निरांजनातच बघत होतो.

हवेकडे बघायला हवं हे माणसाला फार उशिरा कळलं. अठराव्या शतकातल्या युरोपात अशी समजूत होती की जळणाऱ्या वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य निघून जातं. लाकडाची हलकी राख पाहिली की हे पटण्यासारखं होतं. पण कथील किंवा शिसं हवेत तापवलं की त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जड भरायची. काहीतरी निघून गेलं तर वजन वाढेल कसं? पॅरिसच्या आंत्वान लवॉझिएने १७७४ मध्ये कथील बंद पात्रात तापवून दाखवलं. पात्र बंद असेपर्यंत एकूण वजनात फरक पडला नाही. तोंड उघडताच हवा सूं करून आत शिरली आणि तेवढं वजन वाढलं. धातूने पात्रातल्या हवेचा एक भाग घेतला होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या लाल भस्मातून एक वायू वेगळा काढला, आणि लवॉझिएने पुढे त्याला ऑक्सिजन हे नाव दिलं.

लवॉझिए हा राजाचे कर गोळा करणाऱ्या मंडळींतला होता. आवक, जावक आणि शिल्लक यांचा मेळ घालायची सवय त्याच्या हाताला होती, आणि तीच सवय त्याने प्रयोगशाळेत नेली असं मला वाटतं. त्याने त्या काळातले उत्तमोत्तम ताजवे करवून घेतले. त्याची पत्नी मारी-आन हिने त्याच्या १७८९ च्या ग्रंथासाठी उपकरणांची चित्रं काढली. त्या ग्रंथात द्राक्षाचा रस आंबण्याविषयी एक प्रकरण आहे. तिथे लवॉझिए सांगतो की प्रत्येक क्रियेत आधी जेवढं द्रव्य असतं तेवढंच नंतर असतं, म्हणून अशा क्रियेला आपण समीकरणासारखं मांडू शकतो. आणि एका बाजूला द्राक्षाचा रस, दुसऱ्या बाजूला कार्बनिक आम्ल (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड) आणि अल्कोहोल, मध्ये बरोबरीचं चिन्ह, अशी मांडणी तो करतो. त्याने दिलेली वजनं आजच्या मोजमापांशी जुळत नाहीत. पण प्रश्न कसा मांडायचा हे त्याने कायमचं शिकवलं. पाच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, क्रांतीच्या न्यायालयाने कर गोळा करणाऱ्यांबरोबर त्यालाही गिलोटिनवर पाठवलं.

आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत एक पितळी ताजवा होता. त्याचं डावं पारडं किंचित हलकं भरायचं. बाईंनी त्याच्या साखळीला तांब्याच्या बारीक तारेचा एक वेढा घातला होता. ताजव्यात खोट असेल तर आधी तिचा पासंग करायचा, मग वस्तू तोलायची, असं त्या सांगत. तो वेढा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता ज्या चुकीमुळे मला समीकरण कळलं तिच्याबद्दल सांगतो. नववीच्या चाचणीत प्रश्न होता, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी. हायड्रोजन दोन्हीकडे दोन-दोन, तो जुळला. ऑक्सिजन डावीकडे दोन, उजवीकडे एक. मी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी दोनाचा आकडा लिहिला. जुळलं! खाली ताळाही केला, दोन्हीकडे ३४. रेघा मारल्या.

बाईंनी मला कपाटाजवळ बोलावलं आणि तपकिरी काचेची एक बाटली हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड. "हे तू केलेलं पाणी. पिशील?"

त्या दिवशी मला दोन आकड्यांतला फरक कळला. सूत्राच्या पुढे जो आकडा असतो तो रेणू किती ते सांगतो. सूत्राच्या आत, अक्षराच्या पायाशी जो आकडा असतो तो रेणू कोणता ते सांगतो. पहिला आकडा आपल्या हातात आहे, दुसरा नाही. पाण्यात ऑक्सिजनचा एक अणू आहे ही गोष्ट माझ्या सोयीसाठी बदलणार नाही. तो आकडा बदलला की मी पाण्याविषयी बोलतच नाही, वेगळ्याच पदार्थाविषयी बोलतो. बरोबर समीकरण असं: हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, त्यांपासून पाण्याचे दोन. ४ आणि ३२, बरोबर ३६.

हा पायाशी असलेला आकडा शोधायला शास्त्रज्ञांना अर्धं शतक लागलं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. जॉन डाल्टनने १८०८ च्या ग्रंथात अणूंची कल्पना मांडली. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजन एक आणि ऑक्सिजन एक असं त्याने धरलं, कारण साध्यात साधी जोडणी तीच. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांचा नियम मांडला. हायड्रोजनची दोन मापं आणि ऑक्सिजनचं एक माप यांच्यापासून वाफेची दोन मापं होतात. एका मापाच्या ऑक्सिजनपासून दोन मापं वाफ होते, म्हणजे ऑक्सिजनचा प्रत्येक कण दुभंगला पाहिजे. डाल्टनला हे मान्य होईना. इटलीतल्या आवोगाद्रोने १८११ मध्ये उलगडा केला: समान तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानांत रेणूंची संख्या सारखी असते, आणि ऑक्सिजनचा रेणू जोडीचा असतो. फार थोड्यांनी लक्ष दिलं. स्वीडनच्या बर्झेलियसने अक्षरांची चिन्हं दिली. आकडे तो अक्षरांच्या डोक्यावर लिहायचा, पायाशी ते पुढे आले. पण कोणता आकडा लिहायचा यावर मात्र एकमत नव्हतं. एकाच पदार्थाची सूत्रं निरनिराळे लोक निरनिराळी लिहीत.

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली आणि निर्णय काहीच झाला नाही. पण निघताना इटलीच्या कान्निझ्झारोची एक छोटी पुस्तिका लोकांच्या हाती पडली. तिच्यात आवोगाद्रोच्या विचारावर अणुवस्तुमानांची सगळी मांडणी नीट लावलेली होती. परिषदेला आलेल्या तरुणांत मेंडेलीव्ह होता. नऊ वर्षांनी त्याने आवर्तसारणी मांडली. ती आधी शक्यच नव्हती, कारण पायाशी असलेले आकडे चुकले की अणूंची वजनंही चुकतात. मी चाचणीत घाईने बदललेला तो बारीक आकडा पन्नास वर्षांच्या वादातून आला होता. मुलांना तो पाठ करायला लावण्याआधी एवढं तरी सांगितलं पाहिजे.

कारखान्यात गेलो तेव्हा बाईंचा 'गेलं कुठे?' हा प्रश्न मोठ्या आकारात भेटला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज साखरेचा ताळेबंद मांडतात. उसातून किती साखर आत आली, पोत्यात किती गेली, बगॅसमध्ये, म्हणजे पिळून उरलेल्या चोयट्यांत, किती राहिली, प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, किती, मळीत किती. बेरीज सहसा पूर्ण जुळत नाही. उरलेल्या रकान्याला अज्ञात तूट म्हणतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तो रकाना पाहिला आणि मला बाईंचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या हंगामात एका रात्री मिल बंद पडली आणि रस टाक्यांत बराच वेळ पडून राहिला. दुसऱ्या दिवशी अज्ञात तूट फार मोठी आली. मी नवखा होतो, मला भीती वाटली. मी बगॅसमधल्या साखरेचा आकडा थोडा वाढवून लिहिला. बेरीज जुळली. मिलवाल्यांना वाटलं की उसातून रस नीट पिळला जात नाही. दोन दिवस ते रोलर तपासत राहिले, आणि त्यांच्यात काही दोष नव्हता. तिसऱ्या दिवशी मी चीफ केमिस्टांना खरं सांगितलं आणि वहीत खरा आकडा लाल शाईने लिहिला. पाण्याच्या पायाशी दोन लिहिणारा मुलगा मोठा झाला होता आणि तेच करत होता.

मग शोध घेतला. साखरेचा रेणू आम्ल आणि उष्णता असली की पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो, त्यातून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो. ३४२ आणि १८, बरोबर ३६०. उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो, पडून राहिला की जंतू आणि विकरंही तेच काम करतात. प्रयोगशाळेत साखर ध्रुवणमापीने मोजतात, म्हणजे द्रावण प्रकाशाला किती फिरवतं ते पाहतात. साखर त्याला उजवीकडे फिरवते, ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण डावीकडे. म्हणून या क्रियेला इन्व्हर्जन, उलटणं, म्हणतात. आमची साखर नाहीशी झालेली नव्हती. ती टाकीतच होती, पाणी घेऊन वजनाने वाढलेली होती, फक्त आमच्या मोजणीला ती साखर म्हणून दिसत नव्हती. त्यानंतर मिल थांबली की टाकीतल्या रसात आधी चुना घालून त्याचं आम्ल मारायचं, असा नेम आम्ही घातला. खरा आकडा लिहिल्यामुळे उपाय सापडला. जुळवलेल्या आकड्याने दोन दिवस निरपराध यंत्र उघडलं होतं.

पुढे आसवनीत आलो आणि लवॉझिएचं ते आंबवणं रोज समोर दिसू लागलं. मळीतल्या साखरेचा एक रेणू, पाण्याचा एक, त्यांपासून अल्कोहोलचे चार आणि कार्बन डायऑक्साइडचे चार. ३४२ आणि १८ मिळून ३६०. उजवीकडे १८४ आणि १७६. म्हणजे १०० किलो साखरेपासून फार तर ५३.८ किलो अल्कोहोल मिळू शकतं. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं. पाश्चरने १८६० मध्ये दाखवलं की यीस्ट थोडी साखर ग्लिसरॉल, सक्सिनिक आम्ल आणि स्वतःचं शरीर यांकडे वळवतं. उतारा कितीही सुधारा, ५३.८ ही भिंत ओलांडता येत नाही. कुणी त्यापलीकडचा उतारा सांगितला तर त्याचं यंत्र बघायला जाऊ नये, त्याची वही तपासावी.

आणि ते १७६? ते टाकीतून फेसाळत वर येतं आणि आपण त्याला विसरतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशी तो साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुण्यासाठी आत उतरलेला माणूस एका श्वासात कोसळू शकतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आमच्याकडे टाकीत वारा सोडून तपासणी झाल्याशिवाय कुणाला आत पाय ठेवू देत नसत. नव्या कामगाराला मी नियम वाचून दाखवत नसे. समीकरणाची उजवी बाजू सांगायचो आणि विचारायचो, "अल्कोहोल पिंपात गेलं. उरलेलं अर्धं गेलं कुठे?" उत्तर त्यालाच द्यावं लागे. मग तो विसरत नसे.

त्याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे, आलं कुठून? उसाने साखर जमिनीतून उचललेली नाही. कार्बन डायऑक्साइडचे १२ रेणू आणि पाण्याचे ११, त्यांपासून साखरेचा एक आणि ऑक्सिजनचे १२. ५२८ आणि १९८ मिळून ७२६, उजवीकडे ३४२ आणि ३८४, बेरीज तीच. पोत्यातल्या साखरेतला सगळा कार्बन वाऱ्यातून आला आहे. टाकीतून निसटलेला वायू पुन्हा कुठल्यातरी फडात पानांत शिरतो. हे मी शेतकऱ्यांना सांगायचो तेव्हा ते आपल्या उसाकडे वेगळ्या नजरेने बघायचे.

समीकरणाला काय सांगता येत नाही हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. ते वेग सांगत नाही. डब्यातली कोरडी साखर वर्षानुवर्षं तशीच राहते, गरम आंबट रसात ती तासांत उलटते, समीकरण दोन्हीकडे एकच. क्रिया कोणत्या पायऱ्यांनी घडली तेही ते सांगत नाही. पुष्कळ क्रिया उलटही चालतात आणि मध्येच तोल साधून राहतात. म्हणून डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने १८८४ मध्ये बरोबरीच्या चिन्हाच्या जागी दोन उलट बाण वापरले.

सर्वात मोठी मर्यादा अशी की संतुलित असणं म्हणजे खरं असणं नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन घ्या. प्रोपेनचे दोन रेणू ऑक्सिजनच्या दहांबरोबर जळले की कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे आठ होतात. ताळा बसतो. पण हवा कमी पडली, ऑक्सिजनचे सातच मिळाले, तर कार्बन मोनॉक्साइडचे सहा आणि पाण्याचे आठ होतात. त्याचाही ताळा तितकाच चोख बसतो. एका खोलीत पोळ्या भाजल्या जातात, दुसऱ्या खोलीत, खिडकी बंद ठेवलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरखाली, माणूस मरतो. यांतलं कोणतं समीकरण आपल्या घरात चाललंय हे कागद सांगणार नाही. ते ज्योतीच्या रंगाकडे आणि उघड्या खिडकीकडे बघूनच कळतं. म्हणून बाई आधी पेला धरायच्या, निवळी हलवायच्या, आणि मगच खडू उचलायच्या.

आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखंच राहतं हा नियम तरी किती पक्का? बर्लिनच्या हान्स लँडोल्टने बंद नळ्यांत क्रिया घडवून वर्षानुवर्षं वजनं केली आणि त्याला फरक सापडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की ऊर्जा बाहेर गेली तर तिच्याबरोबर थोडं वस्तुमानही जातं. १६ ग्रॅम मिथेन ६४ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जळला की किती जातं? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले सुमारे दहा. ताजव्याला ते दिसणार नाही. पण तेही नाहीसं झालेलं नाही. ते उष्णता होऊन गेलं आहे, आणि त्याचाही हिशेब लागतो.

घरातल्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो संपला की आपण म्हणतो, सिलिंडर रिकामा झाला. समीकरण सांगतं की त्याने स्वयंपाकघरातून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन घेतला आणि सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाण्याची वाफ खिडकीबाहेर पाठवली. आपल्या भाषेत 'संपलं', 'जळलं', 'टाकून दिलं' ही क्रियापदं वाक्य पुरं करतात. रसायनशास्त्रात ती वाक्य अर्धवट ठेवतात. नदीत सोडलं, शेताच्या बांधावर जाळलं, धुराड्यातून गेलं, या प्रत्येकाला उजवी बाजू असते आणि ती कुणाच्यातरी अंगणात उतरते. ज्या समाजातल्या मुलांना उजवी बाजू लिहायची सवय लागते, तो समाज आपल्या धुराची आणि सांडपाण्याची जबाबदारी सहजासहजी झटकू शकणार नाही. समीकरण शिकवण्याचं यापेक्षा मोठं कारण मला माहीत नाही.

परवा या व्याख्यानासाठी गावात आलो तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन आलो. कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याच्या शेजारी काचेच्या पेटीत तो पितळी ताजवा, डाव्या साखळीला तांब्याचा वेढा अजून तसाच. तास चालू होता. आता शिकवणाऱ्या बाई याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांनी फळ्यावर कापूर दिला होता. शेवटच्या बाकावर एक मुलगी वहीवर वाकून बसली होती. कार्बन झाला होता, हायड्रोजन झाला होता, आणि साडेतेरापाशी पेन्सिल थांबली होती. ती बराच वेळ त्या अर्ध्याकडे बघत राहिली. मी काही बोललो नाही. मग तिने एकेक आकडा खोडून दुप्पट केला, खाली वजनं मांडली, दोन्हीकडे ११६८ लिहिलं, आणि पट्टी न घेता त्याखाली दोन आडव्या रेघा मारल्या.